कॉम्प्युटरवरचा काळा गुलाम

तुम्ही हसाल, पण ओतूरच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा मला त्यावर फक्त पत्ते खेळता यायचे. सासरे गेल्यापासून सासूबाई बोलायच्याच बंद झाल्या होत्या. त्यांच्यासाठी मी सोळा सोमवार धरले होते. अकराव्या सोमवारी पूजा आटोपून मी डाव लावला, तशा त्या मागं येऊन बसल्या.

“उपास धरून पत्ते खेळती व्हय गं?”

माझा हात माउसवरच थांबला.

“आन् खेळती ते बी चुकीचं. तो काळा गुलाम लाल राणीवर ठेव की. ह्ये असते तर लई हसले असते.”

आणि त्या स्वतःच हसल्या.

सोळा सोमवार पुरे करून उद्यापन केलं. पत्ते मात्र मी पुढं कितीतरी दिवस मुद्दाम चुकीचे लावत राहिले.