आभाळ आलं की मावा

माझं माहेर सायखेड्याचं, तिथं द्राक्षं, आन् लग्न होऊन आले ती इकडं कळवणला, इथं डाळिंब, म्हंजे जन्म सगळा बागेतच गेला बघा. काय सांगू तुम्हाला, लोकांना वाटतं बाग म्हंजे सावली, पण बाग लय जीव घेते. थंडीत आभाळ आलं, वारा पडला, की कवळ्या शेंड्यांवर मावा बसलाच. बारीक हिरवे किडे, रस पितात, पान चिकट होतं, काळं पडतं, कळी गळती. आमचे मालक ढग दिसला की औषधाचा पंप पाठीवर घ्यायचे. मावा मरायचा, पण त्याला खाणारे लाल ढालकिडेही मरायचे, आन् पुन्हा आभाळ आलं की मावा पहिल्यापेक्षा जास्त, मग पुन्हा पंप.

असंच एका वर्षी फवारता फवारता मालक बांधावर पडले, तोंडाला फेस. दवाखान्यात नेलं, वाचले, पण डॉक्टर म्हणले आता औषधाच्या वासाला पण उभं राहायचं नाय.

घरी आलो तर पुन्हा आभाळ. धाकटे दीर म्हणले, वहिनी, मी मारतो. मी म्हणले, नको भाऊजी, शेंड्यावर काळ्या-नारंगी अळ्या दिसत्यात, कृषी खात्याच्या ताईंनी फोटोत दाखवल्या होत्या, ती ढालकिड्यांची पिल्लं हायेत, थोडं थांबू. दीर चिडले, बाग गेल्यावर थांबणार का म्हणले. मालक खाटेवरून हळूच बोलले, ती म्हणती तर थांब रे. लय वाईट दिवस ते, रोज शेंडा उलटून बघायचा आन् अळ्या मोजायच्या. मग आभाळ निवळलं, ऊन पडलं, अळ्यांनी मावा खाऊन शेंडे साफ केले. निम्मी कळी तोवर गळली होती, निम्मी राहिली. दिरांनी पंप धुवून ठेवला.

पण दरवर्षी तसं होत नाय हो. औंदा थंडी पडलीच नाय, मधीच पाऊस, मावा आला आन् ढालकिडे आलेच नाय. शेवटी दिरांनी रस्त्याकडची बाग फवारली, मी नको म्हणले नाय. थकले आता. विहिरीकडची तेवढी तशीच ठेवली. मालक ओट्यावर बसून रोज विचारतात, आले का गं? कधी एखादा दिसतो, कधी नाय. नसला तरी मी म्हणते, येतील.