ऑर्गनच्या पोटात

(चर्चमधला जुना पाइप ऑर्गन. बहीण पट्ट्यांपुढे बसून सूर लावण्यासाठी एकेक पट्टी दाबून धरते आहे. भाऊ मागच्या जिन्यानं वर येतो.)

चिमणी : दादा, जरा दमानं घे रे! पट्टी सोडते न सोडते तोच "पुढची, पुढची"!

दादा : कुणाशी बोलतेस?

चिमणी : आई गं! तू मागे कसा? आत नळ्यांचे सूर लावत होतास ना?

दादा : केव्हाचा खाली गेलोय. भात्याचं कातडं फाटलं होतं, ते चिकटवत होतो. ओरडून सांगितलं की तुला, थांब म्हणून.

चिमणी : मग आतून "पुढची" कोण म्हणत होतं?

दादा : नळ्या असतील. काही झाडाएवढ्या, काही पेन्सिलीएवढ्या. आजोबा म्हणायचे, बोटीतून खोक्यांत भरून आला तेव्हापासून कण्हतोय हा.

चिमणी : नळी खोकते का रे? आधी टकटक, मग खोकला, मग "पुढची". म्हटलं, आतल्या धुळीनं तुलाही बाबांचा खोकला लागला.

दादा : चिमे, भात्याची मोटार बंद आहे. कातडं आत्ता कुठे चिकटलंय. आत फुंकरभर वारा नाही.

चिमणी : पण सूर येत होते! आधी फाटका, मग हळूहळू स्वच्छ.

दादा : सरक. बघतोच आत जाऊन.

चिमणी : नको! बाबाही असेच आत गेले होते. आई इथेच बसलेली, पट्टीवर बोट ठेवून. सूर चालू होता, म्हणून तिला वाटलं काम चाललंय. "पुढची" म्हणतील म्हणून वाट बघत राहिली बिचारी.

दादा : मला सांगतेस? मीच बाहेर काढलं त्यांना.

चिमणी : मग नको ना जाऊस.

दादा : बरं. मोटार लावतो. इथूनच ऐकू. दाब ही... आता ही... आणखी पुढं जा.

चिमणी : काय झालं? असा काय बघतोस?

दादा : बाबा गेल्यापासून ही ओळ बेसूर होती. मी हातसुद्धा लावला नव्हता अजून.

चिमणी : लागलीय?

दादा : अगदी सुरात, केसभरही इकडंतिकडं नाही. इथपर्यंत. पुढच्या अजून तशाच बेसूर.

चिमणी : दादा... आईला आणू या?

दादा : आण. पट्ट्यांवर तिलाच बसव. आत मी लागणार नाही.