गरम झाल्यावर

मुकुंद : वहिनी, इंजिन बंद करू नका. असंच चालू राहू द्या.

मीनाक्षी : आपोआपच बंद पडेल आता. तळ्याला चक्कर मारेपर्यंत छान चालली. तुमच्या गल्लीत वळले आणि सुरू झालं. धक्के खाते. पायाने कितीही दाबलं तरी ओढत नाही.

मुकुंद : तेच हवं होतं मला. मघाशी थंड होती, तेव्हा सगळं ठाकठीक होतं. बिघाड समोर आल्याशिवाय सापडायचा कसा? हेमा, तो लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर दे.

हेमा : हा घ्या. सांभाळून हं. मागे झटका बसला होता, विसरलात वाटतं.

मुकुंद : नाही विसरलो. वहिनी, आता कान देऊन ऐका. एकेका प्लगची ठिणगी मी बंद करतो. हा पहिला. आवाज पडला ना? आता दुसरा. तोही पडला. तिसरा... आणि चौथा.

मीनाक्षी : प्रत्येक वेळी पडतोय. म्हणजे चारही बिघडलेत?

मुकुंद : उलट. चारही काम करताहेत, पण मधूनमधून चुकताहेत. एकच चुकत असता तर मी प्लग खराब म्हटलं असतं, नाहीतर व्हॉल्व्ह जळला म्हटलं असतं. सगळेच चुकतात म्हणजे दोष अशा जागी आहे, जिथून चौघांना मिळतं. एक तर पेट्रोल, नाहीतर वीज.

हेमा : मीनाक्षी, तू सावलीत बस बघू. घामाने निथळते आहेस. सरबत करते.

मीनाक्षी : नको गं. मला इथेच उभं राहू दे. काय सापडतं ते मला बघायचंय.

हेमा : बघून काय करणार आहेस? श्यामकांतभावजींनी गिऱ्हाईक ठरवलंय म्हणालीस ना?

मीनाक्षी : म्हणूनच. एकदा गाडी विकली गेली की मला कधीच कळणार नाही.

मुकुंद : पेट्रोल व्यवस्थित येतंय. कार्ब्युरेटरची वाटी भरलेली आहे. आता ठिणगी. ही बघा, वहिनी. कशी दिसते?

मीनाक्षी : पिवळट. बारीक.

मुकुंद : निळी हवी. कडकन आवाज करणारी. आणि ही कॉइल... अरे बापरे! हात ठेववत नाही. हेमा, एक फडकं गार पाण्यात भिजवून आण. नीट पीळ, पाणी ठिबकता कामा नये.

हेमा : आणते. माठातलंच आणते.

मीनाक्षी : कॉइल म्हणजे तो काळा डबा?

मुकुंद : हो. बॅटरीच्या विजेला जोर देतो तो. आत तारेची वेटोळी असतात. जुनी झाली की कुठेतरी कच्ची पडतात. थंड असेपर्यंत धरून राहतात, तापली की सोडतात. सध्या ही माझी शंका आहे. फडक्याने कळेल.

हेमा : हं, घ्या.

मुकुंद : वरच्या तारांना लागू न देता गुंडाळतो. आता थांबायचं. वहिनी, आत बसा, पाय हलकेच ठेवा.

मीनाक्षी : ठेवला.

मुकुंद : धरून ठेवा. अजून थोडं... आता दाबा.

हेमा : अगबाई! आवाज सुधारला की!

मुकुंद : अजून दाबा, वहिनी. वा! बघा, कशी घेतेय. कॉइलच. दुसरं काही नाही. बंद करा आता. माझ्या गाडीची काढून लावून देतो. तुम्ही काही काळजी करू... वहिनी?

हेमा : मीनाक्षी, काय झालं? खाली उतर. ये, इथे पायरीवर बस.

मीनाक्षी : एवढंच होतं?

मुकुंद : हो, बिघाड तसा लहानच. पण...

मीनाक्षी : त्या दिवशी ओलं फडकं होतं माझ्याजवळ. मागच्या सीटवर, यांच्या कपाळावर ठेवलेलं.

*(कुठेतरी दूर ट्रामची घंटा वाजते.)*

मुकुंद : वहिनी, मला तुम्हाला असं सांगायचं नव्हतं.

मीनाक्षी : तुम्ही काय करणार? मीच विचारलं. हाजराच्या चौकात, अगदी ट्रामच्या रुळावर बंद पडली. भर चैत्रातलं ऊन. मागे ट्राम, लोक खिडक्यांतून ओरडताहेत. हे छातीवर हात दाबून बसलेले. मी पुन्हा पुन्हा बटण दाबत होते. कोणी म्हणे चोक ओढा, कोणी म्हणे चोक सोडा. शेवटी चार जणांनी ढकलून कडेला नेली आणि यांना उचलून हातरिक्षात ठेवलं. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

हेमा : हे सगळं तू मला कधी सांगितलं नाहीस.

मीनाक्षी : काय सांगू? संध्याकाळी भावजी गाडी आणायला गेले, तर ती लगेच चालू झाली. घरी येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, गाडीत काहीच बिघाड नाही. घाबरून इंजिनात पेट्रोल तुंबवलं असणार. बाईमाणसाच्या हाती गाडी दिल्यावर दुसरं काय होणार?

हेमा : असं म्हणाले? आणि तू ऐकून घेतलंस?

मीनाक्षी : खरंच वाटलं मला, हेमा. गाडी खरंच चालू झाली होती ना! तेव्हापासून आज पहिल्यांदा मी स्टिअरिंगला हात लावला.

मुकुंद : वहिनी, इकडे बघा. माझ्याकडे बघा. संध्याकाळी चालू झाली, कारण तोवर कॉइल निवली होती. त्या दुपारी तुमच्याऐवजी दिगंबर स्वतः चालवत असता तरी ती तिथेच बंद पडली असती. मी असतो तरी पडली असती. तुमच्या हातून काही चुकलं नाही.

मीनाक्षी : हे मला बरं वाटावं म्हणून?

मुकुंद : तुमच्या डोळ्यांसमोर दाखवलं मी. श्यामकांतला पाठवा माझ्याकडे. त्यालाही दाखवतो. गरम करून, थंड करून, त्याला पटेपर्यंत.

मीनाक्षी : पाठवीन. तुम्हीच सांगा त्यांना.

मुकुंद : सांगेन. पण... ही काही एका दिवसात गेलेली नाही. आधीपासून त्रास देत असणार.

मीनाक्षी : देत होतीच. हिवाळ्यानंतर ऊन वाढलं तशी जास्त. हे गॅरेजमध्ये न्यायचे, तिथे पोचेपर्यंत ती शहाण्यासारखी चालायची. मग चिडून म्हणायचे, मुकुंदला नुसता आवाज ऐकवला असता तर त्याने सांगितलं असतं.

मुकुंद : असं म्हणायचा?

मीनाक्षी : कितीदा तरी.

हेमा : साहेब विलायतेला निघाला तेव्हा त्याच्याकडून घेतलेली ही गाडी. याच अंगणात दोघांनी मिळून इंजिन उघडलं होतं. हात काळे म्हणून मी दोघांना पोहे भरवायचे. आणि दोघांचं बोलणं तुटलं कशावरून, तर मंडळाच्या नाटकात नायकाचं काम कुणाला द्यायचं!

मुकुंद : हेमा, पुरे.

हेमा : पुरे कसं? मी दोघांनाही सांगून दमले.

मुकुंद : मग तो का नाही आला? पलीकडच्या रस्त्यावर तर राहत होता.

मीनाक्षी : आले होते. तुमच्या फाटकापर्यंत. मी शेजारी बसले होते. तुम्ही व्हरांड्यात पेपर वाचत होतात, पाठ आमच्याकडे. थोडा वेळ बसले आणि गाडी वळवून घेतली.

मुकुंद : हाक का नाही मारली?

मीनाक्षी : मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, इतक्या दिवसांनी जायचं आणि गाडी दाखवायची? मुकुंद म्हणेल, कामापुरता आलास.

हेमा : अहो...

मुकुंद : म्हटलंच असतं मी. तसंच म्हटलं असतं. आणि मग बॉनेट उघडलं असतं.