एकेका मोटरीचं नाव

सौंदडच्या बसची वाट पाहत गोंदियाच्या स्टँडवर बसलेल्या शांतीबाईचे कान शेजारच्या बापलेकीकडे लागले होते.

"चालली काय तुयी कॉम्प्युटरातली राइस मिल?"

"चालली बाबा. पयल्या खेपेले एक मोटर सुरू कर म्हटलं, तं साऱ्याच फिरल्या."

"काऊन?"

"मी नुसतं मोटरींच्या टोळीचं नाव लिवलं होतं. मंग टोळीतल्या एकेकीले आयडी देल्ली, म्हंजे तिचं सोताचं नाव. आता जिले हाक मारली तीच उठते."

"आमाले तं मिलमंदी मालक टोळीच्याच नावानं हाका मारे. तीन नंबर, धानाचे बोरे उचला."

"आज माह्यं काम पाहाले तेच मालक आले होते. म्हणाले, आता खऱ्या मशीनवर हेच लावा. अन् मले इचारलं, कोनाची पोरगी."

"तू का सांगतलं?"

"तीन नंबर टोळीतल्या देवाजीची."

"मंग?"

"खुर्चीवरून उठले. म्हणाले, देवाजी नाव हाय काय त्याचं."

बापानं डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा नीट घातली.

बस फलाटाला लागली. शांतीबाईनं पिशवी उचलली.

"चला देवाजीभाऊ, खिडकीपाशी बसा."