अर्धी गोळी

नाही हो, गोळीने मुलगा मठ्ठ-बिठ्ठ होत नाही—थोडी झोप येते सुरुवातीला, बस. मला कसं माहीत? अहो, माझं कामच ते. इथे जर्मनीत, आखनलाच, युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये, उंदरांच्या मेंदूवर. आणि माझी अन्वी आत तपासणीला आहे ना, डोक्याला वायर्स लावून. दहा वर्षांची. हो, फिट्सच.

सोपं आहे, सांगते. मेंदूतली एक पेशी दुसरीशी बोलते ती मधल्या बारीक फटीतून—सिनॅप्स म्हणतात—इकडून रसायन सुटतं, तिकडे पोचतं. काही सिनॅप्स सांगतात, 'चल, पेट.' काही सांगतात, 'गप्प बस.' एकेका पेशीला असे हजारो निरोप येतात, ती बेरीज करते—'पेट'वाले पुरेसे भारी पडले की पेटते, नाहीतर गप्प. आणि हे गप्प करणारे कमी पडले ना, की पेशींचे थवेच्या थवे एकदम सुटतात—तीच फिट. तुमच्या विहानला दिलीय ती गोळी, अन्वीचीही तीच, ती या गप्प करणाऱ्यांना जोर देते. मी लॅबमध्ये नेमकं उलटं करते—मेंदूच्या चकतीवर ते सिनॅप्स बंद पाडणारं औषध घालते आणि स्क्रीनवर बघत बसते, पेशी कशा एका तालात धडधडायला लागतात. नऊ वर्षं बघतेय. नऊ वर्षं! आणि तरी—

काही नाही. म्हणजे—अन्वी चौथीत आहे. इथे चौथीतच ठरतं, मूल गुम्नाझियमला—म्हणजे हुशार मुलांच्या, पुढे युनिव्हर्सिटीला नेणाऱ्या शाळेत—जाणार की नाही. तुमचा लहान आहे अजून, कळेल तुम्हाला. गोळीने ती वर्गात पेंगायची. गणितात तीन आले—इथे एक म्हणजे उत्तम, तीन म्हणजे… आमच्या इथल्या मराठी ग्रुपमधल्या सगळ्यांची मुलं गुम्नाझियमला, आणि मी डॉक्टरेट केलेली बाई! वर्षभर फिट आली नव्हती. म्हटलं, जानेवारीच्या निकालापर्यंतच. नोव्हेंबरपासून सुरीने गोळी अर्धी करायला लागले. डॉक्टरांना विचारलं नाही. मयुरेशला—नवऱ्याला—सांगितलं नाही. आणि काय तरतरीत झाली हो ती! जेवताना जोक सांगायची. मला वाटलं, माझी मुलगी मला परत मिळाली.

शाळेच्या पोहण्याच्या तासाला आली फिट. पाण्यात. मीच सही करून दिली होती—औषध चालू आहे, वर्षभर त्रास नाही. टीचरनी तिच्यावर खास नजर ठेवली होती म्हणून—कपड्यांनिशी उडी मारली त्यांनी, लगेच बाहेर काढलं. काही झालं नाही तिला. पण त्या टीचर हॉस्पिटलमध्ये माझा हात धरून रडल्या. 'माझंच लक्ष कमी पडलं, माफ करा.' आणि मी काय केलं? त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, 'होतं असं.' आता त्या पोहण्याचा तास घेत नाहीत.

रक्तात औषध कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, रोज देता ना? म्हटलं, हो, हो, रोज. खोटं नव्हतं, रोजच देत होते. अर्धी. तर ते म्हणाले, मग हिचं शरीरच औषध लवकर संपवत असेल, आणखी एक औषध जोडू. आज त्यासाठीच आलोय. त्या दिवसापासून मी पूर्ण गोळी देतेय, एकदाही फिट नाही—म्हणजे दुसरं औषध तिला बहुतेक नकोच आहे, मला कळतंय, आणि सकाळी त्यांच्यासमोर तोंड मिटून बसले. मयुरेश शेजारी होता ना. आत्ता कॉफी आणायला गेलाय म्हणून…

बघा, बघा माझ्याकडे असं. बघायलाच हवं. तुम्हाला का सांगत बसले कुणास ठाऊक, नावही माहीत नाही तुमचं. सांगेन मी डॉक्टरांना, एकटी असताना फोन करेन. फक्त अन्वीला कळता कामा नये—तिला वाटेल, आईनेच—

काय? मागे?

अगं… झालं तुझं? किती वेळ उभी आहेस?

नाही हो, उत्तर जर्मनमध्ये देते, पण मराठी सगळं कळतं तिला. सगळं. अन्वी, इकडे बघ ना, बाळा. काय म्हणालीस? 'वारुम?' का? का म्हणजे… का म्हणजे, तू वर्गात…

तुम्ही जा हो आता. प्लीज, जा.