फराजाची आई कोण?

या निरोपाच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय बिशप त्वेवेसाहेब, व्यासपीठावर बसलेले चर्चच्या मंडळीचे वडील श्री. म्बिलिन्यी, ज्यांच्यासाठी आपण आज जमलो ते पाळक एरो लाहतिनेन, त्यांच्या पत्नी कारिनाबाई, त्यांची लेक फराजा आणि धाकटा युहानी, फिनलंडहून मुद्दाम आलेले पाहुणे, महिला मंडळातल्या माझ्या बहिणी, गायकवृंद, आणि लुहांगा गावच्या सगळ्या लहानथोरांना माझा प्रभूच्या नावानं सलाम.

मी एडिना. लाझारो सान्गाची विधवा. पाळकसाहेबांच्या घरी मुलं सांभाळायला होते. म्बिलिन्यींनी मला सकाळीच बजावलंय, "गोड बोला, थोडं बोला, आणि मध्येच गाणं सुरू करू नका." गाणं सुरू करणार नाही. बोलेनही थोडंच. गोड किती होईल ते सांगता येत नाही.

लाहतिनेन कुटुंबानं आपल्यासाठी काय केलं हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. दवाखाना झाला, पाण्याचा नळ आला, बालवाडी उभी राहिली. ते सगळं खरं आहे. मी त्यांच्या घरातलं सांगते, कारण मी मागच्या दारानं आत जाणारी होते. त्या घरात बटाटे सालीसकट उकडायचे आणि मक्याच्या पिठाची उगाली शनिवारी व्हायची, कारण बाईंना ती रोज घोटायला जमत नसे. मुलांना जेवताना बोलायची परवानगी होती. बापाला मुलं "एरो" म्हणून नावानं हाक मारायची आणि बाप ओ द्यायचा! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली ताटली पडली होती.

आणि ती झोप. गावातल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. यांच्या देशात तान्ह्या मुलाला दुपारचं घराबाहेर निजवतात, थंडीत. म्हणजे मूल धट्टंकट्टं होतं म्हणे. आता हे आम्हाला कुणी सांगायचं? जून महिना, आपल्या डोंगरातली ऐन थंडी, गवतावर दहिवर गोठलेलं. मी बटाट्याच्या शेतावरून परत येत होते. पाहते तर पाळकसाहेबांच्या ओसरीत टोपली, टोपलीत तान्हं मूल, नाक लाल, आणि आसपास चिटपाखरू नाही. मी काय समजणार? मला वाटलं, बाळंतिणीचं डोकं फिरलं, पोर बाहेर टाकली. मी तिला उचललं, कापडानं पाठीशी बांधलं आणि सरळ घरी नेऊन चुलीपाशी बसले.

हसा, हसा. पाहुण्यांना कुणीतरी सांगा मी काय म्हणाले ते.

पण या गोष्टीतलं हसू संपलं की जे उरतं ते कुणी सांगत नाही. ते मी आज सांगते.

पाहुण्यांनो, तुमच्याकडे बाईला तिच्या नावानं हाक मारतात. आमच्याकडे पहिलं मूल झालं की बाईचं नाव मागे पडतं. ती अमक्याची आई होते. मी फराजाची आई होते. फराजा म्हणजे दिलासा. माझी फराजा चार वर्षांची होऊन गोवरानं गेली. पावसाळा सरता सरता गेली, आणि थंडी पडली तेव्हा कारिनाबाईंना मुलगी झाली.

माझा नवरा लाझारो लाकूड कापायचा. ओसरीच्या फळ्या द्यायला तो तिकडे गेला होता. बाईंनी त्याला विचारलं, "तुझ्या मुलीचं नाव आमच्या मुलीला ठेवलं तर चालेल का? तिची आठवण राहील." लाझारो हो म्हणाला. घरी येऊन जेवता जेवता त्यानं मला सांगितलं.

मी म्हटलं, "मला विचारलंस?"

तो म्हणाला, "नाव काय वाटून घेतल्यानं कमी होतं?"

"कमी होत नाही. पण ते माझं होतं."

"अगं, घराजवळ हाक तरी ऐकू येईल," तो म्हणाला, आणि मान खाली घालून जेवत राहिला.

तर मी चुलीपाशी बसले होते ती याच मुलीला घेऊन. मला माहीत होतं ती कोण. बाहेर गलका झाला. कारिनाबाई अनवाणी धावत येत होत्या, मागे पाळकसाहेब, त्यांच्या मागे अर्धं गाव. आणि बाई वाटेवरूनच ओरडत होत्या, "फराजा! फराजा!"

मी आतून ओ दिली.

आपल्याकडे मूल लहान असलं की त्याच्या नावाच्या हाकेला आई ओ देते. तोंडाला सवय असते. कितीतरी दिवसांत त्या नावानं माझ्या दाराशी कुणी हाक मारली नव्हती. माझ्या तोंडून "ओ, आले" गेलं, आणि मी दारात उभी राहिले तर समोर ती, जिची ती मुलगी होती.

म्बिलिन्यी तेव्हा तरुण होते. ते म्हणाले, "ही चोरी आहे." बाईंनी माझ्या पाठीवरची पोर पाहिली. ती गाढ झोपली होती, नाकाचा लाल रंग गेला होता. बाई म्हणाल्या, "उद्यापासून तू ये. तुझ्या पाठीवर ती रडत नाही."

सगळं गाव म्हणालं, किती मोठं मन! होतंच. त्या मोठ्या मनाखाली मी सतरा वर्षं राहिले आहे.

मी कामाला का गेले? पगारासाठी गेले असं लोकांना वाटलं. मला पाहायचं होतं की माझ्या मुलीचं नाव घेऊन कोण चालायला शिकतं, कुणाचे दात पडतात. आणि मी जळत होते. बहिणींनो, माझ्याकडे अशा नजरेनं पाहू नका. तुम्हीही जळला असता. तिला ताप आला की दवाखान्याची गाडी दारात यायची. माझ्या पोरीला खांद्यावर घेऊन लाझारो डोंगर उतरला होता. तिला गोवराची सुई टोचली तेव्हा तिला धरून मीच बसले होते. ती रडली, आणि मी मनात म्हटलं, रड, तुला रडायला मिळतंय.

मग ती सात वर्षांची झाली आणि तिला त्यांच्या लोकांच्या दूरच्या शाळेत पाठवलं. ट्रक वळणावर दिसेनासा झाला आणि बाई ओसरीत बसून रडल्या. खूप रडल्या. गावातल्या बायका पीठ घेऊन, सरपण घेऊन गेल्या, जसं आपण दुःखाच्या घरी जातो. मीही गेले. सगळ्या म्हणत होत्या, "उगी बाई, उगी. नाताळला येईल ती."

माझ्या घरीही याच बायका आल्या होत्या, पीठ घेऊन, सरपण घेऊन. खोटं का बोलू? तेव्हाही त्यांनी हात धरला होता. पण मला सांगायला त्यांच्याकडे नाताळ नव्हता.

(म्बिलिन्यीसाहेब, मला खूण करू नका. दिसतंय मला. येते मुद्द्यावर.)

फराजाची आई. हळूहळू सगळं गाव कारिनाबाईंना तसं म्हणायला लागलं. त्यात गावाची चूक नाही. मूल समोर खेळत असेल तर त्याची आईही समोरच असते. बाजारात कुणी "फराजाच्या आई!" अशी हाक मारली की सुरुवातीला आम्ही दोघी वळायचो. मग मी वळणं सोडलं. मला कुणी "एडिना" म्हणायचं, कुणी "लाझारोची बायको". एक माणूस मात्र बदलला नाही. लाझारो रोज संध्याकाळी दारातून आत येताना म्हणायचा, "फराजाचे आई, पाणी दे." मग त्याच्या अंगावर झाड पडलं. त्या नावानं मला पाणी मागणारं कुणी राहिलं नाही.

आता मुद्दा. बालवाडीला नाव द्यायचं समितीनं ठरवलं आहे. पाटी रंगवून चर्चमधल्या पाळकांच्या खोलीत, वेस्ट्रीत, वाळत ठेवली होती. मी तिथे झाडत होते. मी शाळेत गेले नाही, पण मंडळीतली सगळी गीतं मला पाठ होती. गाताना पुस्तकातल्या अक्षरांवर बोट ठेवत ठेवत मी वाचायला शिकले, आणि त्यानंतर हाती येईल ते वाचत आले. ती पाटीही वाचली. वर मोठ्या अक्षरांत आहे: "फराजाची आई बालवाडी". त्याच्या खाली: "कारिना लाहतिनेन यांच्या सन्मानार्थ".

बिशपसाहेब, ती पाटी आज जेवणाआधी आपल्या हातून लागणार आहे. एकदा लागली की लागली. माणसं मरतात, बदलून जातात, पाटी राहते. आणखी दहा वर्षांनी एखादं पोर विचारेल, फराजाची आई कोण? आणि पाटीच उत्तर देईल. मी त्या पाटीखालून जात-येत असेन आणि मी ती नसेन.

म्हणून भर सभेत विचारते. बाईंचं नाव वेगळ्या पाटीवर लावा, दवाखान्याला लावा, नळाला लावा, मी स्वतः खिळे धरून उभी राहते. पण त्या पाटीवरची खालची ओळ पुसा. बाई, तुम्हीच मला सांगितलं होतंत, फिनलंडमध्ये तुम्हाला कुणी फराजाची आई म्हणत नाही, तिथे तुम्ही नुसत्या कारिना. मग हे नाव तुम्हाला तिथे कशाला लागणार आहे? इथे ठेवून जा.

काय म्हणालात बाई? मोठ्यानं बोला, मागे ऐकू जात नाही.

ऐकलंत का मंडळी? बाई म्हणताहेत, "ओळ आत्ताच्या आत्ता पुसा. मी तिच्याकडून ते उसनं घेतलं होतं."

बसा बाई, बसा. टाळ्या वाजवू नका रे. मला वाटलं होतं, तुम्ही नाही म्हणाल. मग मला निदान मनसोक्त रागावता तरी आलं असतं. तेही तुम्ही मला करू दिलं नाहीत.

म्बिलिन्यी म्हणताहेत रंग वाळलाय. मग खरवडा. बिशपसाहेब मान हलवताहेत. तो होकार आहे असं मी समजते, आणि सभेनंही तसंच समजावं.

फराजा, पोरी, इकडे बघ. तू माझ्या पाठीवर वाढलीस. माझी पाठ अजून तुझं वजन ओळखते. नाव तुझंही आहे, ते तू ने. तिकडे कुणी अर्थ विचारला तर सांग, आणि आधी ते कुणाचं होतं तेही सांग. एवढंच.

आणि कारिनाबाई, उद्या ट्रकमध्ये ती तुमच्या शेजारी बसेल. वळणावर ट्रक दिसेनासा झाला तरी तुमच्या शेजारी बसलेली असेल. त्याचा मला हेवा वाटतो. आज ओळ पुसली म्हणून उद्या तो वाटणार नाही असं नाही. देवानं दोन आयांना एक नाव दिलं आणि मूल एकीलाच ठेवलं. का, ते मी त्याला प्रार्थनेत विचारत असते. त्यानं अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला कळलं तर पत्रानं कळवा, मला वाचता येतं.

लाहतिनेन कुटुंबाचा प्रवास सुखाचा होवो. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, म्बिलिन्यींनी दोनदा खूण करूनही हाताला धरून खाली बसवलं नाही, तुम्ही सगळ्यांनी भुकेल्या पोटी ऐकून घेतलं, याबद्दल आभार. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल तर मनात ठेवू नका, मला माफ करा.

फराजाची आई आता खाली बसते.