दाराला कडुनिंब

(मोरव्यातलं रुक्मिणीचं घर, १९९१. रुक्मिणी जाऊन आठवडाही झालेला नाही. दाराला कडुनिंबाचा डहाळा. उंबऱ्यावर तिची बहीण सरूबाई, आत रुक्मिणीची मुलगी चांदणी, कडेवर तिचं बाळ.)

सरूबाई : बस खाली. देवी आलेलं पोर उंबऱ्याभायेर नेत न्हाय.

चांदणी : मावशी, देवी नाही ही. गोवराची लस टोचली ना, तिचं पुरळ असेल. नर्सबाई म्हणाल्याच होत्या, आठवड्यानं कधी कधी अंगावर उठतं.

सरूबाई : मंग डाक्तर कनाला?

चांदणी : ताप उतरत नाहीये. सकाळपासून दूधही ओढत नाही. त्यांना एकदा बघू दे.

सरूबाई : उशाला पाला ठेवलाय. घरात फोडनी दिली न्हाय. आजून काय पायजे तिला?

चांदणी : फोडणी सुतकामुळे बंद आहे, मावशी. देवीच्या नावावर नको घालूस.

सरूबाई : जीभ बघ! धडधाकट पोराला सुई कनाला, म्हनून मी तवाच बोलली. पन रुक्मीचा हट्ट! आजारी बाईचं काय ऐकायचं?

चांदणी : नुसता हट्ट नव्हता. उभं राहवत नव्हतं, तरी रिक्षात बसून आली. सुई टोचताना बाळ तिच्याच मांडीवर होतं.

सरूबाई : एवढं काय आडलं व्हतं?

चांदणी : राघो.

सरूबाई : त्याचं नाव आता कनाला काढतेस?

चांदणी : माझा मोठा भाऊ होता तो. मी बघितलाही नाही. त्याला गोवर निघाला, तेव्हाही तू अशीच दारात बसली होतीस ना?

सरूबाई : तवा सगलीच बसायची... रुक्मी मना कधी बोलली न्हाय.

चांदणी : नाहीच बोलली. मला मात्र शेवटी सांगून गेली, 'बाळाला ताप आला की सरू दार अडवील. भांडू नको. तिलाच बरोबर घेऊन जा.'

सरूबाई : अशी बोलली?

चांदणी : हो.

सरूबाई : (बाळाच्या कपाळाला हात लावून बघते.)

चांदणी : ऊठ ना, मावशी.

सरूबाई : हात दे. गुडघं धरलंत. टोपरं घाल त्याला, वारा हाय. आन् तो डहाला काढ, मी मांडीवर धरते.

चांदणी : घे. नाक्यावर रिक्षा मिळेल.

सरूबाई : रिक्षावाल्याला सांग, हलू चालव. आत देवी हाय.